थकवा शाकाहाराचा की अपुऱ्या ताटाचा?

कृषी विज्ञान केंद्रात महिला शेतकऱ्यांसाठी आहार व पोषणाचे प्रशिक्षण झाले की शेवटी एक प्रश्न बहुधा विचारला जातोच. दुपारच्या खुरपणीला हातपाय गळून जातात, पाण्याचा हंडा उचलताना धाप लागते, सकाळी उठतानाच अंग जड वाटते. आम्ही मांस-मासे खात नाही, त्यामुळे तर असे होत नसेल ना? या प्रश्नाला उत्तर मिळते ते पुष्कळदा कोणत्या तरी एका टोकाचे. कोणी सांगतो, शाकाहारात ताकद नसतेच, अंडी-मटण सुरू करा. कोणी सांगतो, आपले वाडवडील याच अन्नावर दिवसभर नांगर धरीत होते, तेव्हा हे मनाचे खेळ आहेत. दोन्ही उत्तरांनी सांगणाऱ्याचे समाधान होते. विचारणारीचा थकवा मात्र तसाच राहतो.

प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, शाकाहार हे या थकव्याचे कारण नव्हे. परंतु ज्या ताटाला आपण आज शाकाहारी म्हणतो, ते अनेक घरांत केवळ धान्याचे ताट झाले आहे. त्या ताटातून काय गळाले आणि का गळाले, हा प्रश्न वैद्यकाइतकाच शेतीचा आहे. म्हणून त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपणा विस्तार कार्यकर्त्यांनाही टाळता येणार नाही.

ऊर्जा पुरेशी, तरीही थकवा

प्रथम ऊर्जा आणि थकवा यांची गल्लत दूर केली पाहिजे. शरीराला काम करण्यासाठी लागणारी ऊर्जा पिष्टमय व स्निग्ध पदार्थांतून मिळते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे ४, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. भाकरी, भात, तेल, गूळ यांची रेलचेल असलेल्या शाकाहारी जेवणात पोट भरल्यावर ऊर्जेचा तुटवडा सहसा राहत नाही. मग पोटभर जेवूनही अंगात त्राण का नसावे?

ट्रॅक्टर चालविणाऱ्याला हे लगेच समजेल. टाकी डिझेलने भरलेली आहे, पण एअर फिल्टर धुळीने चोंदला आहे. अशा वेळी इंजिन धूर ओकते आणि नांगर ओढत नाही. शरीरातही अन्नरूपी इंधन जाळण्यासाठी प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचावा लागतो. ते काम रक्तातील हिमोग्लोबिन करते आणि हिमोग्लोबिनच्या केंद्रस्थानी लोह असते. तांबड्या पेशी नीट तयार होण्यासाठी फोलिक आम्ल व बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. दिवसभराच्या श्रमाने झिजलेल्या स्नायूंची दुरुस्ती प्रथिनांवाचून होत नाही. यांपैकी एखादे जरी सातत्याने कमी पडले, तरी भरल्या पोटी थकवा येतो.

याचा शेतीतील श्रमाशी असलेला संबंध फार पूर्वीच मोजला गेला आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत इंडोनेशियातील रबर मळ्यांवरील चीक गोळा करणारे कामगार आणि श्रीलंकेतील चहाची पाने खुडणाऱ्या स्त्रिया यांच्या कामाची नोंद ठेवण्यात आली होती. रक्तक्षय असलेल्यांचे काम कमी भरत होते. लोह दिल्यावर ते वाढले. त्यांचे हात तेच होते, मळा तोच होता. रक्तातील लोह तेवढे बदलले होते.

देशाचे आकडे काय सांगतात?

शाकाहार हेच मूळ कारण असते, तर शाकाहारी राज्यांत रक्तक्षय सर्वाधिक आणि मासे-मांस खाणाऱ्या राज्यांत सर्वांत कमी दिसला असता. तसे चित्र दिसत नाही. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार राजस्थानातील सुमारे तीन-चतुर्थांश लोक शाकाहारी आहेत, तर पश्चिम बंगालमध्ये शाकाहारी माणूस शोधावा लागेल, इतके त्यांचे प्रमाण अल्प आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षय राजस्थानात ५४.४ टक्के आणि पश्चिम बंगालमध्ये ७१.४ टक्के आढळला. शाकाहारी लोकांचे मोठे प्रमाण असलेल्या हरियाणात तो ६०.४, गुजरातेत ६५.० टक्के, तर मत्स्याहारी आसामात ६५.९ टक्के होता. मासे खाणाऱ्या केरळात मात्र तो ३६.३ टक्क्यांवरच होता.

केवळ राज्यांच्या तुलनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, याची जाणीव ठेवली पाहिजे. हिवताप, अंकुशकृमी, सिकलसेल वा थॅलेसेमियासारखे आनुवंशिक विकार, बाळंतपणातील अंतर, दारिद्र्य अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात. शिवाय मांसाहारी म्हणून नोंदलेल्या गरीब घरात मासा किंवा मटण महिन्यातून किती वेळा शिजते आणि शिजले तरी कोणाच्या ताटात किती पडते, हे त्या नोंदीतून कळत नाही. तरी एवढे निश्चित म्हणता येते की, ‘शाकाहारी म्हणून थकलेला’ आणि ‘मांसाहारी म्हणून सशक्त’ अशी विभागणी आकड्यांना मान्य नाही.

याच पाहणीतील दुसरी तुलना अधिक बोलकी आहे. देशभरात याच वयोगटातील ५७.० टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पुरुषांत हे प्रमाण २५.० टक्के होते. एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्यांत एवढी तफावत का? मासिक पाळी व बाळंतपण यांमुळे स्त्रीची लोहाची गरज मुळातच अधिक असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दररोज १९, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागते. ज्या व्यक्तीची गरज सर्वाधिक, ती आपल्या घरांत बहुधा सर्वांत शेवटी जेवते आणि तोवर डाळीच्या भांड्यात तळाचे पाणी उरलेले असते. हरियाणातील आखाड्यांत दूध-तूप-बदामावर पोसलेले शाकाहारी मल्ल आपण कौतुकाने पाहतो. त्याच राज्यातील दर दहा स्त्रियांपैकी सहा रक्तक्षयाने ग्रस्त असाव्यात, यातच प्रस्तुत प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडले आहे.

शाकाहाराची खरी उणी बाजू

असे असले तरी शाकाहाराच्या बाजूने बोलताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली मर्यादा लोहाची. वनस्पतिजन्य लोह शरीरात मांसातील लोहाच्या मानाने बरेच कमी शोषले जाते. धान्ये व कडधान्ये यांतील फायटेट आणि चहातील टॅनिन हे घटक त्या शोषणात अडथळा आणतात. म्हणजे ताटात लोह दिसले, तरी ते सगळे रक्तात उतरत नाही.

दुसरी मर्यादा बी-१२ ची, आणि ती अधिक स्पष्ट आहे. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. ते आपल्याला दूध, दही, अंडी, मासे, मांस अशा प्राणिजन्य अन्नातूनच भरवशाने मिळते. धान्य, डाळ, भाजी, फळ यांत ते नसते. २००६ साली पुण्यातील संशोधकांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग यांतील निरोगी पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींना हा धोका ४.४ पट होता. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ही उणीव हळूहळू उघड होते: थकवा, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा. तोवर माणूस तिला वय किंवा कामाचा ताण असे नाव देऊन मोकळा झालेला असतो.

तिसरी बाब प्रथिनांची. प्रौढाला प्रत्येक किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळीत मिथिओनिन. दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. वरण-भात, खिचडी, इडली-सांबार, भाकरी-पिठले या जोड्या याच कारणाने टिकून आहेत. परंतु डाळ महागली की वरणात पाणी वाढते आणि जोडीतील एक जोडीदार नावापुरता उरतो.

चुलीजवळचे उपाय

यांपैकी लोहाची उणीव बऱ्याच अंशी स्वयंपाकघरातच दूर करता येते, आणि त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय प्रथम मोडावी. शेतावर न्याहारीला भाकरी आणि चहा एकत्र घेतला जातो, तेव्हा भाकरीतील लोहाचा मोठा भाग वाया जातो. चहा सोडण्याची गरज नाही; जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले तरी पुरे. उलट, जेवताना लिंबाची फोड, आवळा, पेरू, कच्च्या कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर घेतली, तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते.

कडधान्ये भिजवून मोड आणणे आणि पीठ आंबविणे यांमुळे फायटेट कमी होतात. मटकीची उसळ, नाचणीची आंबील, गुजरातेतील ढोकळा, दक्षिणेतील इडली-डोसा, राजस्थानात बाजरीचे पीठ ताकात आंबवून शिजविलेली राबडी हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आपल्या आज्यांना फायटेट हा शब्द ठाऊक नव्हता. अन्न कसे पचते, हे मात्र ठाऊक होते. आंबविणे वेळखाऊ म्हणून सोडून दिले जाते, तेव्हा चवीबरोबर पोषणही सुटते, हे प्रशिक्षणात आवर्जून सांगितले पाहिजे.

बी-१२ ला मात्र हे उपाय लागू पडत नाहीत. तेथे दूध, दही, ताक हाच शाकाहारी घरातील आधार. पुण्यातच झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण शाकाहारींना रोज ६०० मिलिलिटर साधे दूध दोन आठवडे दिले असता त्यांच्या रक्तातील बी-१२ वाढले. जे दूधही घेत नाहीत किंवा ज्यांच्यात उणीव तीव्र आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने गोळी अथवा इंजेक्शन घेण्यात कमीपणा मानू नये. औषधातील बी-१२ जिवाणूंच्या मदतीने, आंबविण्याच्या प्रक्रियेतूनच तयार केले जाते.

शेतात पिकते, ताटात येत नाही

येथवरचे विवेचन कोणत्याही आहारतज्ज्ञाने केले असते. कृषी क्षेत्रातील आपणा सर्वांना अस्वस्थ करावी अशी गोष्ट पुढे आहे. ज्या घरात थकवा आहे, त्याच घराच्या शेतात आणि गोठ्यात त्यावरचा उपाय पुष्कळदा तयार होत असतो. पण तो घराचा उंबरठा ओलांडून बाहेर जातो.

दुधाचेच पाहा. दुग्धोत्पादनात भारत जगात पहिला आहे. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांतील २००० किलोकॅलरींच्या आदर्श ताटात रोज ३०० मिलिलिटर दूध किंवा दही सुचविले आहे. परंतु पहाटे चारला उठून धार काढणारी स्त्री कॅन भरून संकलन केंद्रावर पाठविते आणि घरात चहापुरते दूध ठेवते. दुधाच्या पगारावर घर चालते, हे खरेच. तरीही दोन जनावरांच्या गोठ्यातून घरातल्या प्रत्येकासाठी एक पेला दूध किंवा दही मागे ठेवणे परवडत नाही काय, याचा हिशेब कुटुंबाने एकदा मांडून पाहावा. आजारपणाचा व बुडालेल्या मजुरीचा खर्च त्या हिशेबात धरला, तर उत्तर कदाचित वेगळे येईल.

त्याच आदर्श ताटात २५० ग्रॅम धान्यासोबत ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सांगितली आहेत. हरभरा व तूर पिकविणारे कुटुंब सगळा माल बाजार समितीत नेते आणि नंतर किराणा दुकानातून पाव-पाव किलो डाळ महाग भावाने आणते. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, पण मध्य प्रदेश व महाराष्ट्र या प्रमुख उत्पादक राज्यांतही ते उत्पादकाच्या स्वयंपाकघरात क्वचितच पोहोचते. कच्चे सोयाबीन खाऊ नये, हे खरे; मात्र उकळत्या पाण्यात प्रक्रिया करून, वाळवून दळलेले सोयाबीन गव्हाच्या पिठात दहा टक्के मिसळले, तर पोळीची चव फारशी बिघडत नाही.

बाजरीची गोष्ट आपल्या संशोधन व्यवस्थेच्या अभिमानाची आहे. लोहाचे प्रमाण वाढविलेला ‘धनशक्ती’ हा बायोफोर्टिफाइड, म्हणजेच जैवसंपृक्त वाण इक्रिसॅट आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्यात प्रति किलो सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. पुढे आलेल्या ‘एएचबी १२६९’ या संकरित वाणात ते ९१ मिलिग्रॅमपर्यंत गेले. बाजरीच्या नव्या वाणांत प्रति किलो किमान ४२ मिलिग्रॅम लोह असावे, असा निकषही २०१८ पासून आपल्या देशाने लागू केला. साधा हिशेब करू. दिवसाचे २५० ग्रॅम धान्य पांढऱ्या तांदळाचे असेल, तर त्यातून दीड-पावणेदोन मिलिग्रॅम लोह मिळते. किमान निकषाच्या बाजरीतून साडेदहा, ‘धनशक्ती’तून सुमारे पावणेअठरा आणि ‘एएचबी १२६९’मधून पावणेतेवीस मिलिग्रॅम. स्त्रीची गरज २९ मिलिग्रॅमची आहे, आणि वनस्पतिजन्य लोह कमी शोषले जाते हे त्या आकड्यात आधीच गृहीत धरलेले आहे.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निवासी शाळांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने लोहयुक्त बाजरी खाऊ घालून साध्या बाजरीशी तुलना करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारला आणि आधी लोहाची कमतरता असलेल्या मुलांमध्ये ती दूर होण्याची शक्यता साध्या बाजरीच्या तुलनेत ६४ टक्क्यांनी अधिक दिसली. याच प्रयोगावर आधारित पुढील अभ्यासात, मुलांना हालचाल मोजणारी उपकरणे लावली असता, लोहयुक्त बाजरी खाणारी मुले कमी वेळ बसून राहत आणि अधिक हालचाल करीत, असे दिसून आले. शाकाहारी अन्नाने अंगातील चैतन्य वाढू शकते काय, या प्रश्नाचे याहून थेट उत्तर कोणते हवे? त्या ताटात मांस आले नव्हते. बाजरीचा वाण तेवढा बदलला होता.

मसुरातही ‘पुसा अगेती मसूर’ आणि ‘आयपीएल २२०’ असे लोहसमृद्ध वाण उपलब्ध आहेत. अडचण पुढेच आहे. या धान्याला बाजारात वेगळा भाव मिळत नाही, त्यामुळे व्यापारी ते साध्या मालात मिसळतो. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून गृहिणी गव्हाकडे वळते. ही तक्रार रास्त आहे. परंतु घरच्या खाण्यापुरते अर्धा एकर क्षेत्र या वाणाखाली ठेवायला बाजारभावाची वाट पाहावी लागत नाही, आणि आठवड्यापुरतेच दळण आणले तर पीठ कडू होण्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

विस्तार कार्यकर्त्याचे काम

आपण शेतकऱ्याला माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा सांगत नाही. मग रक्त तपासल्याशिवाय थकव्याचे कारण सांगण्याची घाई का करावी? थकव्याची तक्रार आली की पहिला सल्ला हिमोग्लोबिन तपासण्याचा असावा. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी प्रति डेसिलिटर १२ ग्रॅम ही किमान पातळी मानतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा राहिला, तर बी-१२, थायरॉइड, मधुमेह यांची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. उन्हातील निर्जलीकरण, अपुरी झोप, फवारणीनंतरची अस्वस्थता हीसुद्धा थकव्याची कारणे आहेत आणि ती आहार बदलून जाणार नाहीत. अनवाणी शेतात फिरणाऱ्यांना अंकुशकृमीचा संसर्ग होतो व त्यातून रक्त कमी होते. म्हणून पायात चप्पल आणि घरात शौचालय हेदेखील रक्तक्षयावरचे उपाय आहेत.

सरकारी लोह-फोलिक आम्लाच्या गोळ्या मळमळ होते किंवा शौचाला काळी होते म्हणून अर्ध्यावर सोडल्या जातात. काळा रंग निरुपद्रवी आहे, गोळी चहासोबत घेऊ नये, त्रास झाला तर जेवणानंतर घ्यावी, एवढे सांगणारे विश्वासाचे माणूस गावात असले तरी अनेक पट्ट्या फेकून दिल्या जाणार नाहीत.

आणि एक पथ्य आपणही पाळावे. कोणाच्या श्रद्धेत अथवा चुलीत हस्तक्षेप करणारा सल्ला देऊ नये. ज्या घरात अंडी-मासे चालतात, तेथे ते उत्तम अन्न आहे, असे मोकळेपणाने सांगावे. जेथे चालत नाहीत, तेथे दूध, डाळ, बाजरी, शेवग्याची पाने, राजगिरा, तीळ यांतून ताट कसे पुरे करावे, हे तितक्याच आस्थेने सांगावे.

देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत, ‘नारी’सारखा पोषणाभिमुख शेतीचा कार्यक्रम आहे, परसबागेची प्रात्यक्षिके होतात. या सर्वांना जोडून एक छोटी सुधारणा सुचवाविशी वाटते. खरीप व रब्बीच्या नियोजन बैठकीत आपण प्रत्येक कुटुंबाला क्षेत्र, बियाणे, खत आणि अपेक्षित उत्पन्न विचारतो. त्याच कागदावर आणखी एक रकाना असावा: घरासाठी किती ठेवणार? डाळ किती किलो, बाजरी कोणत्या वाणाची, दूध रोज किती लिटर. आणि तो रकाना भरताना घरातील स्त्रीलाही बैठकीत खुर्ची द्यावी. खुरपणीला बसल्यावर हातपाय का गळतात, हे विचारणारी तीच आहे.